नकाशाचे इरले

भूगोलाच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला टेबलावर पसरलेला स्थलनिर्देशक नकाशा वाचणे निराळे, आणि आषाढातल्या एखाद्या सकाळी घाटमाथ्यावरच्या सड्यावर, दहा पावलांवरचा सोबतीही धुक्यात नाहीसा झालेला असताना, तोच नकाशा हातात धरून वाचणे निराळे. वर्गात चुकले तर दोन गुण जातात. सड्यावर चुकले तर वाट जाते, आणि कधीकधी वाट संपते तिथे कडा असतो. या दोन वाचनांच्या मध्ये एक अगदी साधी वस्तू येते, ती म्हणजे नकाशा ठेवण्याची पिशवी. डोंगर हिंडणाऱ्यांच्या गप्पांत बुटांवर वाद होतात, दोरांवर होतात, विजेरीच्या सेलवरही होतात. पिशवीचा विषय मात्र 'कसली तरी प्लॅस्टिकची घ्या' एवढ्यावर मिटतो. यंदा आमच्या भूगोल मंडळाच्या पावसाळी पदभ्रमणासाठी अशा पिशव्या निवडण्याचे काम माझ्याकडे आले. त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि बादलीत बुडवून पाहिले ते वाचकमित्रांपुढे ठेवीत आहे.

प्रथम आपल्या मुलखाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पिशवी कशी असावी हे मुलूख ठरवतो. नेसरी म्हटले की बाहेरच्या माणसाला खिंड आठवते, प्रतापराव गुजर आठवतात आणि २४ फेब्रुवारी १६७४ चा तो दिवस आठवतो. नकाशाच्या दृष्टीने मात्र आपल्या गावाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे, आणि ते जमिनीवर कुठेच दिसत नाही. १६ अंश उत्तर अक्षवृत्त नेसरीच्या थोडे दक्षिणेकडून जाते. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशाचे चार अंश लांबीरुंदीचे जे चौकोन पाडले, त्यांतला ४७ क्रमांकाचा चौकोन या वृत्तावर संपतो आणि ४८ क्रमांकाचा सुरू होतो. प्रत्येक चौकोनाचे सोळा भाग, त्या प्रत्येक भागाची पुन्हा सोळा पत्रके, अशी ही मांडणी आहे. त्यानुसार नेसरी आणि गडहिंग्लज ४७ एल/८ या पत्रकावर येतात, आजरा ४७ एल/४ वर, आणि चंदगड व पारगड ४८ आय/१ वर. २००५ च्या नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी जी खुली मालिका निघाली तिचे क्रमांक वेगळे आहेत, ई-४३ आणि डी-४३ असे ते सुरू होतात, पण सांधा तोच आहे. तात्पर्य, नेसरीहून पारगडाकडे निघालेल्या माणसाला वाटेत पत्रक बदलावेच लागते.

उन्हाळ्यात यात काही बिघडत नाही. एक घडी आत घालावी, दुसरी बाहेर काढावी. पावसाळ्यात मात्र पत्रक बदलणे म्हणजे पिशवी उघडणे, आणि पिशवी उघडणे म्हणजे पाऊस आत घेणे. शिवाय आपला पाऊस सगळीकडे सारखा नाही. आंबोली ते गडहिंग्लज हे अंतर सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत भरते. पण आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पूर्वेकडे सरकावे तसा तो झपाट्याने उतरत जातो. सकाळी गावातून निघताना नुसती भुरभुर असते म्हणून साधी पिशवी घेऊन निघालेला माणूस दुपारी चौकुळच्या सड्यावर पोचतो तेव्हा पाऊस आडवा येत असतो. घाटाच्या अगदी कडेला तर तो खालून वर येतो. आंबोलीजवळच्या कावळेसादला दरीत पडणारे पाणी वाऱ्याने उलटे वर उडताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. जिथे धबधबा उलटा फिरतो तिथे नुसती वरून झाकण असलेली पिशवी काय कामाची?

कोणी म्हणेल, आता हातात मोबाईल असताना कागद कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उगाच नाक मुरडण्याचे कारण नाही. उपग्रहावरून आपली जागा कळायला मोबाईलला नेटवर्क लागत नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर तिलारीच्या दरीतही तो आपण कुठे आहोत ते दाखवतो. पण त्याचा पडदा बोटाच्या स्पर्शावर चालतो, आणि ओल्या पडद्याला पावसाचा थेंब कुठला आणि माणसाचे बोट कुठले हे नीट उमगत नाही. विजेचा साठा दिवसभरात संपतो. आणि तळहाताएवढ्या पडद्यावर एका वेळी मावते ती एक टेकडी. तिच्या पलीकडे ओढा कुठे वळतो आणि धार कुठे उतरते हे एका दृष्टिक्षेपात कळायला कागदच लागतो. मी दोन्ही नेते. मोबाईल जागा सांगतो, कागद मुलूख सांगतो.

आता हा कागद पाण्याचे काय करून घेतो ते पाहू. कागद म्हणजे वनस्पतीच्या तंतूंची जाळी. पाणी लागले की तंतू फुगतात आणि त्यांची एकमेकांवरची पकड सुटते. कागद ओला झाला की प्रसरण पावतो, एका दिशेला कमी, दुसऱ्या दिशेला जास्त. तेव्हा प्रमाणच बदलते, अशी भीती पुस्तकांत घातलेली असते. मला तिचे फारसे महत्त्व वाटत नाही. शेकडा एक इतका जरी कागद वाढला तरी दोन किलोमीटरच्या चालीत वीस मीटरचा फरक, म्हणजे धुक्यात आपण पावले मोजण्यात जेवढे चुकतो त्याहून कमीच. खरा धोका घडीचा आहे. घडीवर तंतू आधीच मोडलेले असतात. ओला नकाशा चारपाच वेळा उघडला-मिटला की तो घडीवर फाटतो, आणि ज्या भागात आपण चालतो आहोत तोच भाग सर्वांत जास्त वेळा उघडला गेलेला असल्यामुळे नेमका तिथेच भोक पडते. हे ओळखूनच जुन्या काळी नकाशाचे तुकडे कापून, तुकड्यांमध्ये बारीक फट ठेवून ते कापडावर चिकटवीत असत. घडी कापडावर पडे, कागदावर पडत नसे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना शत्रूच्या मुलखातून निसटण्यासाठी रेशमी कापडावर छापलेले नकाशे दिले होते. ते भिजले तरी फाटत नसत आणि लपवताना कागदासारखे कुरकुरतही नसत.

शाईचाही विचार हवा. सर्वेक्षण विभागाचे छापील नकाशे छापखान्याच्या शाईचे असतात, ती पाण्याने पसरत नाही. पण २०१७ मध्ये, विभागाच्या २५० व्या वर्षी, खुल्या मालिकेचे नकाशे संकेतस्थळावरून उतरवून घेण्याची सोय झाली, आणि तेव्हापासून बहुतेक विद्यार्थी छापील पत्रकाऐवजी झेरॉक्सच्या दुकानातून काढलेली प्रत वापरतात. ही प्रत शाईच्या फवाऱ्यावर चालणाऱ्या प्रिंटरची असेल तर तिचे रंग अनेकदा एका थेंबाने वाहून जातात, आणि निळा ओढा व तपकिरी समोच्चरेषा एकमेकांत मिसळून जातात. लेसर प्रिंटरची प्रत वाहत नाही, पण घडीवर तिची पूड खरवडून निघते. म्हणून प्रत लेसरवर काढावी आणि घडी जिथे पडणार तिथे महत्त्वाचा भाग येऊ देऊ नये. दुकानदाराला आणखी एक गोष्ट बजावून सांगावी लागते. कागदात बसवण्यासाठी त्याने नकाशा लहान केला तर १:५०,००० हे प्रमाण नाहीसे होते, आणि दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर हा आपला हिशेब खोटा ठरतो. छापलेल्या प्रतीवर पट्टी ठेवून रेखाप्रमाण मोजून पाहावे आणि मगच पैसे द्यावेत.

येथून पिशवीच्या मापाकडे येता येते. संपूर्ण पत्रक १५ मिनिटे गुणिले १५ मिनिटांचे असते. आपल्या अक्षांशावर याचा अर्थ उत्तर-दक्षिण सुमारे साडेसत्तावीस किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम पावणेसत्तावीस. म्हणजे कागदावर नुसता नकाशाच सुमारे ५५ सेंटिमीटर लांब व ५३ सेंटिमीटर रुंद, समास वेगळा. एवढी पिशवी कोणी गळ्यात घालणार नाही. घातली तर वाऱ्यात तिचे शीड होईल. उलट पोस्टकार्डाएवढी पिशवी घेतली तर दर अर्ध्या तासाला ती उघडून घडी बदलावी लागेल. मध्यम मार्ग ए-४ कागदाचा आहे. त्यावर साडेदहा किलोमीटर रुंद आणि जवळजवळ पंधरा किलोमीटर लांब एवढा प्रदेश बसतो, आणि डोंगरातल्या पायी चालीला एका दिवसाला तो पुरतो. पिशवी दोन्ही बाजूंनी पारदर्शक असेल तर पुढच्या बाजूला सकाळचा तुकडा आणि मागच्या बाजूला दुपारचा, असे दोन कागद पाठीला पाठ लावून ठेवता येतात. मग १६ अंशाचा सांधा ओलांडताना पिशवी उघडायची नाही, नुसती उलटायची. ज्यांना आणखी काळजी घ्यायची असेल त्यांनी चारही पत्रकांतून आपल्या वाटेचे तुकडे घेऊन घरीच ते जोडावेत. मी तसे केले. जोडताना अक्षवृत्ताची रेघ दोन्ही तुकड्यांवर तंतोतंत जुळली पाहिजे, एवढे पथ्य आहे. एका बाजूला कपड्याची इस्त्रीची घडी असावी तशी मऊ, उघडी घडी ठेवून नकाशा आत सरकवला तर तो आत गोळाही होत नाही.

हे सर्व मी घरी सोप्यात बसून करीत होते तेव्हा आजी बाजूला तांदूळ निवडत होती. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "काय गं बाय, कागदाला इरलं करतीयास व्हय?" मी हो म्हटले. त्यावर ती म्हणाली, "मग हात मोकळं ऱ्हात्यात का बघ. छत्री बाजाराला, इरलं शेताला."

आजच्या शहरी वाचकांसाठी सांगायला हवे की इरले म्हणजे बांबूच्या कामट्या विणून, मध्ये पाने घालून केलेले पाठीवरचे छप्पर. ते डोक्यावरून पाठीवर टेकते आणि वाकून रोप लावणाऱ्या बाईचे दोन्ही हात सुटे राहतात. पुढे पानांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला आणि आता तर अनेक ठिकाणी नुसती प्लॅस्टिकची खोळच दिसते. पण मूळ कल्पना तीच राहिली: पाऊस अडवायचा, आणि तो अडवताना काम अडता कामा नये. आजीचे ते वाक्य मी पुढे कसोटीसारखे वापरले. नकाशाच्या पिशवीचे काम नकाशा कोरडा ठेवणे एवढेच असते तर सॅकच्या तळाशी दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठेवणे सर्वांत उत्तम. पण तसा ठेवलेला नकाशा कोणी काढत नाही. पावसात थांबा, सॅक उतरवा, गाठ सोडा, नकाशा उलगडा; एवढे करण्यापेक्षा 'हीच वाट असेल' असे म्हणून पुढे जाणे माणसाला सोपे वाटते. माझे मत असे झाले आहे की डोंगरात वाट चुकते ती पुष्कळदा नकाशा भिजल्यामुळे नव्हे, तो न पाहिल्यामुळे. तेव्हा जी पिशवी चालता चालता, एका हाताने, न उघडता नकाशा दाखवते तीच चांगली. बाकीचे गुण त्यानंतर.

बाजारात व मित्रमंडळींकडून मिळून पाच तऱ्हा जमल्या, त्यांची हकिगत थोडक्यात देते.

पहिली, दाबून बंद होणारी साधी पॉलिथिनची पिशवी, जिला सगळे झिपलॉक म्हणतात. स्वस्त, हलकी, किराणा दुकानात मिळणारी. तिची दाबपट्टी वाळूचा एक कण अडकला तरी गळते, आणि पिशवी चारपाच दिवसांत चुरगळून धुरकट होते. पण एकीत एक अशा दोन घातल्या, तोंडे विरुद्ध दिशांना ठेवली, तर ती आश्चर्य वाटावे इतके काम देते. दुसरी, टेबलावर अंथरायच्या पारदर्शक जाड प्लॅस्टिकची, शिंप्याकडून शिवून घेतलेली. दिसायला देखणी. पण शिवण म्हणजे सुईच्या भोकांची रांग, आणि दर भोकातून पाणी येते. प्लॅस्टिक शिवू नये, चिकटवावे. चुरमुऱ्याच्या पुड्या बंद करण्याचे जे तापणारे यंत्र दुकानदाराकडे असते त्यावर पॉलिथिनची कड पाच मिनिटांत पक्की होते. शिवाय टेबलावरचे हे प्लॅस्टिक पीव्हीसीचे असते. ते मऊ राहावे म्हणून त्यात जे द्रव्य घातलेले असते ते लेसरच्या छपाईला चिकटते. उन्हात दोन दिवस राहिलेली प्रत बाहेर काढली तेव्हा आंबोलीचे नाव कागदावर फिकट आणि प्लॅस्टिकवर ठळक, अशी स्थिती होती. पीव्हीसीची पिशवी वापरणारच असाल तर मध्ये दुसऱ्या पातळ पॉलिथिनचा एक पदर ठेवावा.

तिसरी तऱ्हा पिशवीची नव्हेच. नकाशाला लॅमिनेशन करून घेणे. दुकानात सहज होते, वर मेणपेन्सिलीने खुणा करता येतात आणि पुसता येतात. मात्र ए-४ च्या पुढे गेले की त्याची घडी घालता येत नाही, आणि घातली की घडीवर तडा जाऊन पाणी शिरते. कागदाच्या कडेलगत कापले तर तेथूनही शिरते. सभोवती निदान अर्धा सेंटिमीटर प्लॅस्टिक सोडलेले हवे. एकाच गडाच्या एकाच वाटेसाठी ही तऱ्हा फार चांगली आहे, आणि महाविद्यालयाच्या संग्रहातील जुन्या पत्रकांसाठी फार वाईट, कारण एकदा केलेले लॅमिनेशन सुटत नाही. जुने पत्रक हा पुरावा असतो. त्याची प्रत काढावी आणि प्रतीला काय करायचे ते करावे.

चौथी तऱ्हा झडपेची. कापडी पाठ, पुढे पारदर्शक खिडकी, आणि वरून येणारे झाकण. लष्करी धाटणीची म्हणून मुलांना ती फार आवडली. एन.सी.सी.च्या नकाशावाचनाच्या तासाला ती शोभेलही. पण झाकण बंद करायला काहींत खरखरीत पट्टी असते आणि काहींत लोहचुंबक. या लोहचुंबकापाशी थोडे थांबायला हवे.

होकायंत्राची सुई पृथ्वीच्या चुंबकत्वावर उभी राहते, आणि ते चुंबकत्व अतिशय क्षीण आहे. जवळ आणलेला चिमूटभर चुंबकही त्याहून प्रबळ ठरतो. नकाशावर होकायंत्र ठेवून दिशा काढण्याची आपली पद्धत असते, म्हणजे पिशवीचे झाकण आणि सुई यांत वीतभर अंतरही राहत नाही. मी प्रयोगशाळेतल्या टेबलावर होकायंत्र ठेवले, सुई स्थिर होऊ दिली आणि ती पिशवी हळूहळू जवळ आणली. सुई डुलू लागली आणि सरळ दहा-बारा अंश बाजूला जाऊन थांबली. नुसते थांबली असे नव्हे, तिथे इतकी शांत राहिली की हीच उत्तर असे कोणालाही वाटावे. दहा अंशांची चूक म्हणजे एक किलोमीटर चालीनंतर पावणेदोनशे मीटर बाजूला. नकाशावर हे साडेतीन मिलिमीटर आहेत. घाटमाथ्याच्या कडेने चालताना साडेतीन मिलिमीटरमध्ये पायवाटही मावते आणि कडाही मावतो. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभराच्या आसपासच फरक असतो, तेवढा सोडून दिला तरी चालतो, असे आम्ही वर्गात शिकतो. आणि मग दहा अंशांचा फरक आपल्याच हाताने गळ्यात बांधतो! मोबाईलमध्येही ध्वनीसाठी लहान चुंबक असतो. म्हणून नकाशाच्या पिशवीतच मोबाईलचा कप्पा असणे ही सोय नव्हे, गैरसोय आहे. मोबाईल दुसऱ्या खिशात ठेवावा आणि सुई पाहताना तो हातभर दूर असावा. पोलादी झिपचीही हीच परीक्षा घ्यावी. प्लॅस्टिकची किंवा पितळेची झिप असेल तर काळजी नाही.

पाचवी तऱ्हा तोंड गुंडाळून बंद करण्याची. कडा उष्णतेने जोडलेल्या, तोंड तीनचार वेळा घट्ट गुंडाळायचे आणि दोन टोके प्लॅस्टिकच्या अडणीत अडकवायची. हिचे पारदर्शक पान टीपीयू नावाच्या प्लॅस्टिकचे होते. ते पीव्हीसीपेक्षा महाग, पण मऊ राहते, चुरगळले तरी पांढरी रेघ उठत नाही. बादलीत दगड बांधून अर्धा तास ठेवली तरी आतले वर्तमानपत्र कोरडे निघाले. वेष्टनावर 'आयपीएक्स ७' असे लिहिलेले होते. याचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे टिकाव धरते, एवढाच. ती परीक्षा नव्या, न वापरलेल्या वस्तूची असते. शंभर वेळा उघडमीट झाल्यावर काय होते ते त्या आकड्यात येत नाही. म्हणून बादलीची परीक्षा दर पावसाळ्याच्या सुरुवातीला पुन्हा घ्यावी. आत वर्तमानपत्राचा तुकडा घालावा. त्यावर ओल चटकन दिसते.

बाहेरचे पाणी पूर्ण अडले की आतल्या पाण्याचा प्रश्न सुरू होतो. नेसरीत, उबदार दमट घरात बंद केलेली पिशवी सड्यावर गार वाऱ्यात गेली की आतल्या हवेतली वाफ प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला दवासारखी जमते. खिडकी धुरकटते आणि बाहेरून कितीही पुसली तरी साफ होत नाही. चांगल्या, घट्ट पिशवीत हे जास्त होते, कारण वाफेला जायला जागा नसते. यावर उपाय साधा आहे. नकाशा आधी चुलीच्या उबेला नीट वाळवावा, पिशवी कोरड्या जागी बंद करावी आणि बंद करताना तळहाताने दाबून हवा बाहेर काढावी. नवीन बुटांच्या खोक्यात मिळणारी सिलिका जेलची पुडी आत टाकली तर उत्तमच. हवा काढल्याने आणखी एक फायदा होतो: पान नकाशाला चिकटून बसते, फुगा राहत नाही, आणि होकायंत्र सपाट टेकते.

सपाटपणासाठी आत काहीतरी ताठ पाठ हवी. पुठ्ठा दमट हवेत मऊ पडतो. निवडणुकीच्या फलकांचा पोकळ प्लॅस्टिकचा पत्रा, ज्याला सनपॅक म्हणतात, तो हलका आणि ओल न धरणारा आहे. निवडणूक झाली की फुकटही मिळतो. त्याचा तुकडा ए-४ पेक्षा बोटभर लहान कापून दोन कागदांच्या मध्ये सरकवला की झाले.

राहता राहिली दोरी. जवळजवळ सर्व पिशव्यांना गळ्यात अडकवायची दोरी असते आणि दुकानातल्या चित्रात ती फार ऐटदार दिसते. करवंदीच्या जाळीतून वाकून जाताना ती फांदीत अडकते; चढणीवर पिशवी गुडघ्यांपुढे लोंबकळते आणि पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही; वारा आला की ती तोंडावर फडफडते. गळ्याभोवतीची न तुटणारी दोरी उतारावर धोक्याचीही आहे. दोरी असावी, पण ती सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला, छातीच्या उंचीवर बांधलेली, आणि मध्ये एक जागा अशी कच्ची ठेवलेली की जोराचा हिसका बसला तर तेथे ती तुटावी. साध्या शिलाईच्या दोऱ्याचे चार फेरे एवढ्यासाठी पुरतात. असे बांधले की पिशवी हाताने उचलावी, पाहावी आणि सोडून द्यावी. हात मोकळे राहतात. आजीची कसोटी पार पडते.

अभिलेख जपत चालण्याची विद्या काही नवी नाही, हे जाता जाता सांगावेसे वाटते. १८६५ मध्ये सर्वेक्षण विभागाने पंडित नैनसिंह रावत यांना यात्रेकरूच्या वेषात तिबेटात पाठवले. परक्या माणसाकडे मोजमापाचे कागद सापडले तर प्राणावर बेतले असते. त्यांनी आपली टिपणे ठेवली ती हातातल्या प्रार्थनाचक्रात, जिथे एरवी मंत्र लिहिलेला कागद असतो. पावले मोजायला १०८ ऐवजी १०० मण्यांची माळ होती. १८६६ च्या जानेवारीत ते ल्हासाला पोचले आणि टिपणे सुखरूप परत आली. चालताना सतत हातात असणारी, कोणाच्या डोळ्यांवर न येणारी आणि कागद सांभाळणारी अशी ती पिशवीच होती म्हणा ना. आपल्याला कोणापासून काही लपवायचे नाही, पण वस्तू चालणाऱ्याच्या हालचालीत मिसळून गेली पाहिजे, हा गुण तिथेही तोच आहे.

आता मंडळासाठी काय घेतले ते सांगून टाकते. सर्वांसाठी महागाची पिशवी घेणे परवडणारे नव्हते आणि गरजेचेही नव्हते. गुंडाळून बंद होणाऱ्या, टीपीयूच्या दोनच घेतल्या: एक पुढे चालणाऱ्याकडे, एक शेवटी चालणाऱ्याकडे. पाऊस नि धुके असता तुकडी तुटते ती मधूनच, तेव्हा नकाशा दोन्ही टोकांना असणे अगत्याचे. बाकी प्रत्येक चौघांमागे एक दुहेरी पॉलिथिनची पिशवी, सनपॅकच्या पाठीची, कडा दुकानात चिकटवून घेतलेली. चुंबकाच्या झाकणाची पिशवी ज्याची त्याला परत केली, कारणही सांगितले. सर्व पिशव्यांत एकच तुकडा, एकाच प्रमाणाचा, एकाच दुकानातून काढलेला, कारण दोन प्रतींची प्रमाणे निराळी असली तर पुढचा आणि मागचा एकमेकांशी बोलूच शकत नाहीत. नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने (पेनने नव्हे) दर टप्प्याची दिशा आणि अंतर लिहिले. रात्रीच्या चालीसाठी विजेरीला लाल कागद लावण्याची काहींची पद्धत आहे. नकाशा वाचताना तो काढून ठेवावा, कारण लाल उजेडात तपकिरी समोच्चरेषा पार पुसट होतात.

परत आल्यावर पिशवी तशीच कपाटात टाकली तर आठवड्यात तिला बुरशीचा वास येतो. आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवावी, उलटी करून तोंड खाली ठेवून सावलीत दोरीवर टांगावी. उन्हात नको, उन्हाने प्लॅस्टिक पिवळे पडते. नकाशा निराळा काढून दोन वर्तमानपत्रांच्या मध्ये, वर जाड पुस्तक ठेवून वाळवावा. इस्त्री फिरवू नये, लेसरची छपाई वितळते. वाळलेला नकाशा आणि पिशवी वेगवेगळी ठेवावी. भूगोल विभागाच्या नकाशांच्या कपाटात खालचा खण यासाठी रिकामा केला आहे. ज्यांना पुढच्या सहलीला पिशवी हवी असेल त्यांनी वहीत नाव लिहून न्यावी, आणि परत देताना कोरडी द्यावी.